शेल स्क्रिप्टमध्ये पायऱ्या मोजू नका, नाव शोधा

महोदय,

विद्यार्थ्यांसाठीच्या संगणक सदरांत आता शेल स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाईलही शिकवली जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण वरच्या फोल्डरमध्ये जायचे म्हटले की फोल्डर बदलणाऱ्या ‘सीडी’ या आज्ञेपुढे दोन ठिपके-स्लॅश, दोन ठिपके-स्लॅश (प्रत्येक जोडी म्हणजे एक पायरी वर) अशी माळ ओवली जाते. हे थांबायला हवे.

समजा, स्क्रिप्ट ‘हिशेब/२०२४/मार्च’मधून चालते. ‘हिशेब’ दोन पायऱ्या वर. उद्या कुणी ‘मार्च’मध्ये ‘पावत्या’ फोल्डर केला आणि तिथून स्क्रिप्ट चालवली, तर त्याच दोन पायऱ्या ‘२०२४’वर सोडतात. एरर येत नाही, कारण तोही फोल्डर खराच आहे. पुढची ओळ फायली पुसणारी असेल, तर भलत्याच फायली जातात आणि ‘आरएम’ या पुसण्याच्या आज्ञेने गेलेले रद्दीच्या डब्यातही सापडत नाही.

त्याऐवजी नावाने जावे. शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्याचा पूर्ण मार्ग ‘पीडब्ल्यूडी’त ठेवतो; तो मार्ग एका व्हेरिएबलमध्ये घेऊन शेवटी स्लॅश जोडा. मग डॉलर आणि त्यापुढे एकाच महिरपी कंसात तिन्ही गोष्टी: व्हेरिएबलचे नाव, टक्क्याचे चिन्ह आणि ‘स्लॅश-हिशेब-स्लॅश-तारका’ हा नमुना (तारका म्हणजे पुढचे काहीही). त्याने नमुन्याशी जुळणारे मार्गाचे शेपूट कापले जाते. उरलेल्याला ‘स्लॅश-हिशेब’ पुन्हा जोडा. टक्क्याचे एक चिन्ह सर्वांत जवळचा ‘हिशेब’ देते, दोन चिन्हे सर्वांत वरचा. दोन्हीकडच्या स्लॅशमुळे ‘हिशेब-जुना’ चुकून जुळत नाही. शेवटचा स्लॅश विसरलात, तर ‘हिशेब’मध्येच असताना नमुना जुळणार नाही.

खरा धोका पुढे आहे. नमुना जुळला नाही तर शेल तक्रार न करता मार्ग तसाच ठेवतो. तिथेच खाली ‘हिशेब’ नावाचा दुसरा फोल्डर असेल, तर स्क्रिप्ट वर जायच्या ऐवजी त्यात शिरते. म्हणून आधी ‘केस’ या नमुना तपासणाऱ्या रचनेने नाव मार्गात आहे का ते पाहा, नसेल तर ‘एक्झिट १’, म्हणजे चूक कळवून स्क्रिप्ट तिथेच थांबवा. ‘सीडी’चा मार्ग दुहेरी अवतरणात हवा, नाहीतर नावातली मोकळी जागा घात करते. आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा (अर्थ: आधीची आज्ञा फसली तर) व ‘एक्झिट १’ हवेतच; ‘सीडी’ फसली तरी स्क्रिप्ट आपणहून थांबत नाही.

क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे करणाऱ्या प्रोग्राममधून चालणारी स्क्रिप्ट साधारणपणे होम फोल्डरमधून सुरू होते. तिथे ‘पीडब्ल्यूडी’ नव्हे, स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून मार्ग काढावा. स्क्रिप्टमधली ‘सीडी’ टर्मिनलला हलवत नाही. टर्मिनलच हलवायचे असेल, तर ‘बॅशआरसी’ या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये फंक्शन लिहावे.

सदरलेखकांना विनंती, नमुन्याच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ‘सीडी’नंतरची ती तपासणी छापाच. विद्यार्थी ओळी जशाच्या तशा उतरवतात.

– एक लिनक्स प्रशासक, पुणे