रोपांच्या पावतीवर पेरणीची तारीख छापा

महोदय,

पाऊस लांबला की रोपवाटिकेच्या शेडनेटमध्ये (सावलीच्या जाळीखाली) रोपांचे ट्रे अडकून पडतात. शेतकरी लागवड पुढे ढकलतो, रोप मात्र वाढायचे थांबत नाही. मग २२ दिवसांचे म्हणून हातात आलेले टोमॅटोचे रोप ३५ दिवसांचे निघते. पावतीवर वाण असतो, नग आणि दर असतो. बी ट्रेमध्ये कधी टाकले ते नसते. ती तारीख छापणे सक्तीचे करावे, एवढेच मागणे आहे.

९८ कपांच्या ट्रेला साधारण सव्वा किलो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागते. म्हणजे एका रोपाच्या वाट्याला जेमतेम १२-१३ ग्रॅम. टोमॅटोला ते २१ ते २५ दिवस पुरते, कोबी-फ्लॉवरलाही जवळपास तेवढेच; वांग्याला ३०-३५ आणि मिरचीला ३५-४० दिवस चालते. कलिंगडाचे रोप १२ ते १५ दिवसांतच शेतात गेले पाहिजे. त्यापुढे मुळे कपाच्या भिंतीला लागून गोल फिरतात, खालची पाने पिवळी पडतात, खोड काडीसारखे कडक होते. लांबलेले टोमॅटोचे रोप खालची पाने काढून खोल लावले तर खोडाला नवी मुळे फुटतात आणि ते निभावते. फ्लॉवरला ती सोय नाही. जून, म्हणजे वय उलटलेल्या, रोपाला लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तो तेवढाच राहतो.

झेंडूचा हिशेब तर सणाशी बांधलेला. दसऱ्याला फूल हवे तर रोपाचे २० दिवस आणि लागवडीनंतरचे ५०-६० दिवस धरून सुमारे ८० दिवस आधी बी पडायला हवे. जून रोप आणले तर आठवडा वाचतो, असे काहींना वाटते. होते उलटेच. ट्रेमध्येच कळी धरलेले झेंडूचे रोप शेतात बुटके राहते, फुटवे कमी निघतात. अशी कळी दिसली तर ती खुडूनच लावावे, आणि पावतीशिवायही एवढे जरूर पाहावे: रोप कपातून अलगद उपसले की मुळांसकट कोकोपीटची गड्डी अखंड यायला हवी आणि मुळे पांढरी हवीत. तपकिरी मुळांचे वेटोळे दिसले तर ट्रे परत करावा.

तारीख कळली की रोपवाटिकेतल्या चुकाही पकडता येतात. बी पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात, कारण उगवणीला ऊब लागते. टोमॅटोचे कोंब तिसऱ्या दिवशी दिसू लागतात, मिरचीला पाच-सात दिवस लागतात. कोंब दिसताच थप्पी मोडली नाही तर एका रात्रीत मान लांबते आणि पहिल्याच पाण्याला रोप आडवे पडते. १५ दिवसांचे रोप वीतभर उंच आणि दोऱ्यासारखे बारीक दिसले तर एक तर थप्पी उशिरा मोडली, नाही तर सावली जास्त झाली. कोकोपीट मुठीत दाबल्यावर बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार नको. संध्याकाळी पाणी मारून पाने रात्रभर ओली राहिली की मर रोग ट्रेच्या ट्रे खातो. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करून (द्रावण मुळाशी ओतून) उरलेली रोपेच काय ती वाचतात. आणि ४०-५० मेशची (इंचाला तेवढी छिद्रे असलेली) जाळी एका जागी जरी फाटलेली असली, तरी पांढरी माशी रोपाबरोबर पाने आकसवणाऱ्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू शेतापर्यंत पोहोचवते. तो तिथे दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, तेव्हा भांडायला हातात कागद नसतो.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे. भाजीपाल्यासाठी २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आली आणि १० गुंठ्यांच्या शेडनेटला अनुदान मिळू लागले. निदान अनुदानित रोपवाटिकांना तरी पावतीवर दोन रकाने वाढवायला सांगता येतील: बियाण्याचा लॉट क्रमांक आणि पेरणीची तारीख.

पावसाने अडकलेला माल मग कोण घेणार, हा रोपवाटिकाधारकांचा प्रश्न खरा आहे. वय सांगून दर उतरवला तर खोल लावण्याच्या तयारीने टोमॅटो घेणारे भेटतील. फ्लॉवरचे तसे ट्रे मात्र खताच्या खड्ड्यातच गेलेले बरे.

— एक भाजीपाला उत्पादक, ता. जुन्नर, जि. पुणे