शिफारसपत्रात मानपत्र नको, आवक क्रमांक हवा

महोदय,

१० डिसेंबरचा मानवाधिकार दिन जवळ आला की पुरस्कारांची चर्चा सुरू होते. संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार १९८८ मध्ये बाबा आमटे यांना मिळाला होता. त्याच यादीत नेल्सन मंडेला होते, आणि ते तेव्हा तुरुंगात होते. महाराष्ट्राची अशा पुरस्कारांशी ओळख इतकी जुनी असूनही, त्यांसाठी कार्यकर्त्यांची नावे सुचवणारी आपल्याकडची शिफारसपत्रे अजून मानपत्रासारखीच लिहिली जातात. ‘दीनदुबळ्यांचा कैवारी’ वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही.

समजा, कातकरी कुटुंबाच्या वेठबिगारीचे प्रकरण आहे. तहसील कार्यालयात अर्ज कोणत्या तारखेला दिला, आवक क्रमांक काय, चौकशी कधी झाली, १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखालचा मुक्ततेचा दाखला किती महिन्यांनी हातात पडला, मध्ये कार्यकर्त्याला कोणी धमकावले आणि त्याची पोलिसांत नोंद आहे का, एवढे एका पानात मांडा. मुक्ततेच्या आदेशातला नेमका परिच्छेद इंग्रजीत उतरवून जोडा. वीस वर्षांची कात्रणे पाठवू नका. ती मराठीत असतात आणि परीक्षकांकडून वाचली जात नाहीत.

त्याआधी कार्यकर्त्याची लेखी संमती घ्या. हे सर्रास राहून जाते. पुरस्काराने संरक्षण मिळतेच असे नाही. होंडुरासच्या पर्यावरण कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांच्या राहत्या घरी त्यांचा खून झाला. संयुक्त अरब अमिरातीचे मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर २०१५ च्या मार्टिन एनल्स या मानवी हक्क पुरस्काराचे मानकरी, पण पासपोर्ट जप्त असल्याने तो घ्यायला जिनिव्हाला जाऊ शकले नाहीत. २०१७ मध्ये त्यांना अटक झाली, पुढे दहा वर्षांची शिक्षा. म्हणून नाव जाहीर झाल्यावर घरच्यांचे काय, वकील कोण, पासपोर्टची मुदत किती उरली, हे शिफारस करतानाच ठरवायला हवे.

पैशाचेही तसेच. पुरस्कार व्यक्तीला आहे की संस्थेला, हे आधी विचारा. परदेशी रक्कम घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. नोंदणी नसलेल्या संस्थेच्या साध्या खात्यात रक्कम आली, तर गौरव बाजूला राहतो आणि नोटिशीला उत्तर देत बसावे लागते. ज्यांच्यावर आधीच डोळा आहे त्यांना अडकवायला एवढे निमित्त पुरते.

वृत्तपत्रांनाही कळकळीची विनंती आहे. बातमीत रकमेचा आकडा शेवटी आला तरी चालेल. लढा कोणत्या गावाचा आणि प्रकरण आज कुठे अडले आहे, ते आधी छापा. कार्यकर्त्याच्या घराचा पत्ता, मुलांची शाळा आणि घरासमोरचा फोटो मात्र कृपया छापू नका.

आपले,
मानवी हक्क क्षेत्रातील काही कार्यकर्ते