सल्लागार मंडळाला संशोधक विद्यार्थी भेटू द्या

मा. तंत्रशिक्षण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या पीएच.डी. केंद्रांना बाह्य सल्लागार मंडळ हवं, हा आपला आग्रह योग्यच आहे. बरीच वर्षं मार्गदर्शकाचं काम केल्यावर मी तो मनापासून मान्य करतो. पण मंडळाची नावं जाहीर झाली की पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

माझा एक विद्यार्थी कंपनांवरून बेअरिंगचा बिघाड आधीच ओळखण्यावर काम करत होता. प्रयोगशाळेतले निकाल उत्तम होते. मंडळावरच्या एका देखभाल अभियंत्यांनी स्लाइडवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हा सेन्सर तू स्टडने थेट हाउसिंगवर बसवलायस. आम्हाला चालू पंपाला भोक पाडता येत नाही. आम्ही तो मॅग्नेटने लावतो, तेही हात पोहोचेल तिथे." (स्टड म्हणजे भोकात पिळून बसवायचा स्क्रू, हाउसिंग म्हणजे बेअरिंगभोवतीचं कवच.) मॅग्नेटवरचा सेन्सर फार वरच्या वारंवारितेची कंपनं नीट पकडत नाही, आणि बिघाडाची पहिली चाहूल बहुधा तिथेच लागते. मुलाचा चेहरा उतरला. मग सहा महिने खपून त्याने सगळी मोजमापं मॅग्नेट लावून पुन्हा घेतली. प्रबंधातलं सर्वांत भक्कम प्रकरण तेच ठरलं. हा प्रश्न मला सुचायला हवा होता, सुचला नाही.

पुढे त्याच मंडळाची बैठक वर्षातून एकदा, दोन तासांची झाली. संचालकांचं सादरीकरण, चहा, फोटो. विद्यार्थी बाहेर पोस्टरपाशी ताटकळत. इतिवृत्तात एकच सूचना तीन वर्षं येत राहिली.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या उद्योग-विद्यापीठ सहकारी केंद्रांत प्रत्येक प्रकल्प मांडून झाला की मंडळाचे सदस्य आपलं मत नोंदवतात: रस आहे, बदल केल्यास आहे, किंवा नाही. सोबत शेरा लिहितात, आणि त्याच बैठकीत संशोधकांशी त्यावर चर्चा होते. याच संस्थेने १९८५ मध्ये सुरू केलेल्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रांत उद्योगांचं मंडळ केंद्राची बलस्थानं आणि उणिवा मांडतं. विद्यार्थ्यांची समिती आपलं विश्लेषण वेगळं देते. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. मार्गदर्शकासमोर विद्यार्थी मोकळेपणाने बोलत नाहीत, हे मी स्वतः मार्गदर्शक असून सांगतो.

म्हणून बैठकीतला किमान एक तास मंडळ आणि विद्यार्थी यांचाच असावा. आम्ही प्राध्यापक त्या वेळी बाहेर थांबू. मंडळावर कंपन्यांचे संचालक असोत, पण यंत्राशी रोज झटणारा अभियंता, दुसऱ्या विद्यापीठातला संशोधक आणि नुकतीच पीएच.डी. झालेली एखादी व्यक्तीही हवी.

मात्र सल्ला म्हणजे हुकूम नव्हे. प्रबंध मान्य करायचा की नाही, हे परीक्षकच ठरवतील. जो सदस्य प्रकल्पाला पैसे देतो, त्याने आपला हितसंबंध आधी सांगावा. गोपनीयतेसाठी शोधनिबंध किती दिवस रोखता येईल, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी ठरलेलं असावं. निबंध अडकला की विद्यार्थ्याची पुढची नोकरीही अडकते.

पुढच्या निधीच्या अर्जात केवळ सदस्यांची यादी मागू नका. मंडळाची मागच्या वर्षीची प्रत्येक सूचना आणि तिच्यापुढे केंद्राचं उत्तर, एवढा एक तक्ता मागा.

आपला नम्र,
एक संशोधन मार्गदर्शक