वेसाव्याच्या फायबरवाल्या काकांना मनापासून थँक्यू

प्रिय काका,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां, चहा घे" म्हणून विषय बदलता, पैसे तर घेतच नाही, आणि तिकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला लोक माझा स्नोबोर्ड (दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी) हातात घेऊन शाबासकी मलाच देतात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची लेक वाचून दाखवेल. घरी बनवलेला स्नोबोर्ड म्हटलं की लोकांना वाटतं व्हिडिओ बघून झाला असेल. मापं, आकार, गणित हे मी तसं शिकलेही, पण लाकूड, काच (म्हणजे फायबरग्लासचं कापड) आणि रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) एकमेकांना कसं धरून ठेवतात हे मला वेसाव्याच्या किनाऱ्यावर तुमच्या ताडपत्रीखाली कळलं. ते नीट तपशिलात सांगायचंय, नुसतं "काकांनी मदत केली" म्हटलं तर त्यात काहीच येत नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. काका मुंबईत वेसाव्याच्या किनाऱ्यावर होड्यांना फायबर चढवायचं काम करतात. माझी उंची पाच फुटांच्या आत, बुटाचा नंबर ४, वजन कमी. भाड्याने मिळणारे बोर्ड मला लांब, रुंद आणि कडक पडायचे. बोर्ड मधे रुंद असला की छोट्या पायाचं वजन कडेवर पोचायला वेळ लागतो, वळायचं ठरवलं तरी बोर्ड उशिरा ऐकतो. म्हणून मला १४२ सेंटीमीटरचा, मधे साडेतेवीस सेंटीमीटर रुंदीचा बोर्ड हवा होता, आणि कडेचा आत गेलेला बाक असा की साधारण ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळेल. आमच्या अंधेरीच्या घरामागच्या पडवीत मी कामाला लागले. बोर्ड म्हणजे सँडविच असतं, खाली पॉलिथिलीनचा बेस, त्याच्या कडेने स्टीलची एज, वर फायबर, मग लाकडाचा कोअर (गाभा), परत फायबर आणि सगळ्यात वर टॉपशीट, आणि हे सगळं इपॉक्सी नावाचं रेझिन लावून दाबात चिकटवायचं. फायबरचं काम कोण शिकवेल म्हणून विचारत विचारत मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही पहिल्याच भेटीत माझं कागदावरचं चित्र उलटं सुलटं करून बघितलंत आणि विचारलंत, "लाकडावर फायबर बसवायचाय, मग रेझिन कुठलं?"

या एका प्रश्नात तुमची सगळी वर्षं होती काका. मला वाटलं होतं बोटीला लागतं तेच पॉलिएस्टर रेझिन, स्वस्त आहे, तुमच्याकडे डबे भरून आहे. तुम्ही मला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक जुनी लाकडी होडी दाखवलीत, तिच्यावर वरून फायबर चढवलेला आणि तो पापुद्रे सुटल्यासारखा उचलला गेलेला. पॉलिएस्टर लाकडाला मनापासून धरत नाही, पाणी आत शिरलं की सुटतं, लाकूड असेल तर इपॉक्सीच घे, महाग पडलं तरी, असं तुम्ही सांगितलंत. मी देऊ केलेली मजुरी तुम्ही घेतली नाहीत आणि वर तुमच्याच धंद्यातलं रेझिन वापरू नको म्हणालात! आणि इपॉक्सी घेतलं म्हटल्यावर तुमची ती काचेच्या तुकड्या तुकड्यांची मॅट पण चालणार नव्हती, कारण तिच्यातला बाइंडर (तुकडे धरून ठेवणारा डिंक) पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं त्यामुळे मॅट ताठच राहते. हे मी वाचलेलं, पण तुम्ही एक छोटा तुकडा भिजवून समोर ठेवलात तेव्हा पटलं. मग मी मागवलेलं तीन दिशांच्या धाग्यांचं काचेचं कापड आलं, एक धागा लांबीत आणि दोन ४५ अंशात तिरके. तुम्ही ते दोन्ही हातांनी कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढून बघितलंत आणि लगेच म्हणालात, हे पीळ पडू देणार नाही. अगदी बरोबर, वळताना बोर्डाला पीळ बसतो आणि तो हे तिरके धागेच अडवतात, आणि बोर्ड म्हणजे काय हे तुम्ही तोपर्यंत फक्त माझ्या चित्रात बघितलेलं.

बेसचं तर विचारूच नका. तुम्ही हसून म्हणालात की रेझिन चिकटू नये म्हणून आम्ही खाली प्लास्टिक अंथरतो आणि तू तेच प्लास्टिक चिकटवायला निघालीस. पॉलिथिलीनला खरंच काही चिकटत नाही. आतली बाजू घासून, तिच्यावरून गॅसच्या टॉर्चची ज्योत झरझर फिरवावी लागते, म्हणजे पृष्ठभागाचं रसायन बदलतं आणि मग रेझिन पकडतं. झालं की नाही ते बघायला वर पाणी टाकायचं, थेंब थेंब राहिलं तर अजून नाही, पसरलं तर तयार. ज्योतीचा हात तुम्ही दाखवलात, एका जागी थांबायचं नाही, जवळ न्यायचं नाही. त्या दिवशी वेसाव्याला भरपूर ऊन होतं आणि काकूंनी मधेच सुके बोंबील भाजून आणले होते, ते पण या पत्रात असूदेत.

मग तुकडे तोडायचं काम. मी तुम्हाला हॉवर्ड हेडची गोष्ट सांगितली होती, अमेरिकेतल्या विमान कंपनीतला इंजिनिअर, त्याने प्लायवूडला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम लावून स्की बनवल्या, सुरुवातीच्या जोड्या बर्फावर मोडल्या, तरी तो करत राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याची स्की बाजारात आली. तुम्ही म्हणालात, मग आपणही आधी तोडू. लाकूड, फायबर, बेस असे सगळ्या थरांचे छोटे नमुने केले, दोन स्टुलांवर ठेवले आणि वाकवून वाकवून मोडले. किती जोर लागला याच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं, तुम्ही मोडलेली जागा बोटाने चाचपत होतात. फायबर लाकडापासून स्वच्छ सुटला असेल तर जोड खोटी, आणि फायबरबरोबर लाकडाचे तंतू ओढले गेले असतील तर जोड खरी, म्हणजे लाकूड फाटलं पण डिंक सुटला नाही. हे वाक्य माझ्या पडवीच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे.

ओलाव्याबद्दल तुम्ही जेवढे कडक होतात तेवढं कोणीच नव्हतं. मी ऑगस्टमध्येच चिकटवायला निघाले होते, कोअर तयार होता, मधे पॉप्लरचं लाकूड आणि बाइंडिंगचे (बूट बोर्डाला धरून ठेवतात त्या पकडीचे) स्क्रू बसतात तिथे आणि कडांना अ‍ॅशच्या लाकडाच्या पट्ट्या, रंधून टोकांना २ मिलिमीटर आणि मधे ७. (जाडी १ मिलिमीटरने जरी कमी केली तरी कडकपणा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो, मला हलकीला तेच हवं होतं.) जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा तुम्ही ताडपत्रीखाली हॅलोजन लावून काम करता, तरी मला म्हणालात की बोटीचं चालतं, हिचं नाही. लाकूड मुंबईच्या पावसात पाणी पितं आणि तिकडे कोरड्या थंडीत नेलं की आकसून बोर्डाला पीळ पडेल. म्हणून थांबले. ऑक्टोबरचं ऊन, मग पेटीत बल्ब लावून कोअर सुकवणं, ओलावा ९ टक्क्यांवर आला तेव्हा तुम्ही हो म्हणालात.

प्रेसबद्दल पण सांगते. दारुखान्याच्या भंगार बाजारातून जुने लोखंडी आय-बीम, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून फायर होज (फुगला की बोर्ड दाबतो तो), होजच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि हवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची. दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो म्हटलं तर एवढ्याशा बोर्डावर ११ टनांच्या वर जोर येतो. हा आकडा ऐकून तुम्ही तुमच्या ओळखीच्या वेल्डरला घेऊन माझ्या घरी आलात, चारही जोडांवर पट्ट्या मारून घेतल्यात, आणि होज भरत असताना टोकासमोर कधी उभी राहायचं नाही अशी ताकीद दिलीत. माझी आई त्या दिवसापासून तुमची फॅन आहे.

चिकटवायच्या दिवशी तुम्ही पहाटे साडेपाचला आलात, कारण उकाडा वाढला की इपॉक्सीचा वेळ झपाट्याने कमी होतो, तापमान १० अंश वाढलं तर जवळपास अर्धाच उरतो. तुमच्या पॉलिएस्टरमध्ये हवामान बघून कॅटलिस्ट (रेझिन घट्ट करायला घालतात ते) कमीजास्त करता येतं, इपॉक्सीत मात्र घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण ठरलेलंच, हे मी एकदाच सांगितलं आणि तुम्ही, एवढ्या वर्षांची हाताची सवय असून, प्रत्येक वेळी काट्यावर वजन करून घेतलंत. मला त्याचं फार वाटलं. थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं, खोल डब्यात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून घट्ट होतं. कापड पारदर्शक झालं की पुरे, वर उरलेलं रेझिन स्क्वीजीने काढून टाक, ताकद काचेत असते, जास्तीचं रेझिन नुसतं वजन. हे तुम्ही ओरडून ओरडून सांगत होतात आणि माझ्या हातून रोलर फिरत होता. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि नंतर अंग आधी थंड पाण्याने धुवायचं, म्हणजे काचेची कुसं रुतत नाहीत, हे पण तुमचंच.

बोर्ड गुलमर्गला अफरवटच्या उतारावर चालला काका. वर केबल कारच्या दुसऱ्या टप्प्याने गेले, सुमारे ३९०० मीटरवर, हवा इतकी कोरडी आणि गार, आणि परत आल्यावर पहिल्यांदा बोर्ड सपाट फरशीवर ठेवून बघितला, पीळ नाही, एजला फट नाही, एकही थर उचललेला नाही. वळताना तो माझ्या पायाचं पहिल्यांदा ऐकत होता, आणि मी त्या उतारावर मोठमोठ्याने रडले, आनंदाने.

तो कार्ट्रिजवाला मास्क तुमच्यासाठी आणलाय तो वापरा, रोज, फक्त मी येते तेव्हा नाही. स्टायरीनचा वास तुम्हाला येईनासा झालाय म्हणता तीच काळजीची गोष्ट आहे, आणि शेडमधल्या दोन्ही पोरांसाठी पण मी घेऊन येतेय.

आता भाचीसाठी स्कीची जोडी करायची ठरवलीय. दोन्ही सारख्या वाकल्या पाहिजेत, म्हणून एकच जाड फळी चिकटवून ती मधोमध चिरायची आणि एकेका स्कीला अर्धी घ्यायची असा विचार आहे, पण चिरल्यावर दोन्ही अर्धे वेगवेगळे वाकले तर काय करायचं ते तुम्हाला दाखवून विचारायचंय. फळी तयार आहे, ओलावा अजून १३ आहे. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या की रविवारी येते, बोंबील मी आणणार यावेळी, काकूंना सांगा.

तुमची,
अंधेरीची बोर्डवाली पोर