गाडीच्या स्क्रीनवर जाहिरात कोणाच्या परवानगीने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चारचाकीच्या डॅशबोर्डवरील स्क्रीन पूर्वी गाणी ऐकण्यापुरती होती. आता रिव्हर्स कॅमेरा, नकाशा, फोन आणि काही गाड्यांत एसीसुद्धा तिच्यावरूनच चालतो. त्यामुळे या स्क्रीनवर कंपनीने जाहिराती दाखवाव्यात का, हा प्रश्न वाहनधारकाच्या हक्काचा आणि रस्त्यावरील सुरक्षिततेचा झाला आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतील काही जीपमालकांनी तक्रार केली की, गाडी थांबली रे थांबली की संपूर्ण स्क्रीनवर वाढीव वॉरंटीची जाहिरात येते. सॉफ्टवेअरमधील तात्पुरत्या बिघाडामुळे ग्राहकांना ती लगेच नाकारता येत नव्हती, असा खुलासा जीपची मूळ कंपनी स्टेलँटिसने केला. म्हणजे बिघडली होती ती नकार देण्याची सोय. जाहिरात दाखवणे मात्र ठरवूनच चालले होते. माझ्या गाडीत प्रकार इतक्या थराला गेलेला नाही. पण विमा नूतनीकरणाची आणि सर्व्हिस पॅकेजची ‘सूचना’ अधूनमधून नकाशावर येऊन बसते आणि ती कायमची कशी बंद करायची, हे सर्व्हिस सेंटरमध्ये कोणालाही सांगता आले नाही.

ताशी 60 किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर रस्त्यावरून हटली, तर गाडी तेवढ्यात सुमारे 33 मीटर पुढे जाते. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागून कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यास या 33 मीटरचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गाडी थांबलेली असतानाच जाहिरात दाखवतो, हा बचावही पुरेसा नाही, कारण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलेला चालक गाडी चालवतच असतो, त्याचे लक्ष सिग्नलवर आणि दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या दुचाकींवर असणे अपेक्षित असते.

ग्राहकाने संमती दिलेली असते, असे कंपन्या म्हणतील. ती कशी घेतली जाते, हे गाडीचा ताबा घेताना शोरूममध्ये पाहावे. घरची मंडळी हार घालून नारळ फोडण्याच्या गडबडीत आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघण्याच्या घाईत असतात, तेवढ्यात शोरूमचा कर्मचारी स्क्रीनवरचे ‘मान्य’ बटण स्वतःच दाबून मोकळा होतो. पुढे तीच गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात विकली गेली, तर नव्या मालकाला कोणी काही विचारलेलेही नसते.

दुसऱ्याच्या भिंतीवर विनापरवाना जाहिरात रंगवणाऱ्यावर 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीच्या स्क्रीनला निदान भिंतीइतके संरक्षण मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे ग्राहकाला स्क्रीनवर फसवून किंवा भाग पाडून नको ते करायला लावणाऱ्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यांत ग्राहकाला वारंवार सतावणे आणि त्याच्यावर एखादी कृती लादणे या दोन्हींचा समावेश आहे. वाहनातील स्क्रीनही या तत्त्वांच्या कक्षेत येते, हे प्राधिकरणाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही याकडे केवळ व्यापाराचा विषय म्हणून न पाहता जाहिराती मुळातच बंद अवस्थेत असाव्यात, मालकाने स्वतंत्र संमती दिली तरच त्या सुरू व्हाव्यात, मालकी बदलताच ती संमती संपावी आणि इंजिन सुरू असताना कोणत्याही कारणाने विक्रीचा मजकूर दिसू नये, असा नियम करावा. गाडी परत बोलावण्याची किंवा अत्यावश्यक दुरुस्तीची सूचना यातून अर्थातच वगळावी, परंतु तिच्या आडून पॅकेज विकले जाणार नाही हेही पाहावे.

दरम्यान, ज्यांना हा त्रास होतो त्यांनी स्क्रीनचे छायाचित्र गाडी उभी करूनच काढावे, कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर ती नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो वा चेन्नईत, प्रकरण कोल्हापुरातच दाखल करता येईल.

आपला,
एक वाहनधारक, कोल्हापूर