चाचणीचा भौगोलिक माहितीचा डेटाबेस उभा करून देणाऱ्या सहकाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

वेब ॲप्लिकेशनच्या चाचण्यांसाठी तुम्ही पोस्टजीआयएसचा, म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीला नकाशावरच्या जागा साठवायला शिकवणाऱ्या जोडणीचा (एक्स्टेन्शनचा), डेटाबेस उभा करून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. तुम्ही नुसत्या कमांड लिहून दिल्या नाहीत, प्रत्येकीमागचं कारणही लिहिलंत. नव्याने बिघाड झाला की आता ते कारणच कामी येतं.

पोस्टग्रेस आहे म्हणजे पोस्टजीआयएस आलंच, असं नसतं. त्याचं पॅकेज वेगळं, आणि तेही पोस्टग्रेसच्या त्याच मुख्य आवृत्तीचं लागतं. ‘एक्स्टेन्शनची कंट्रोल फाइल उघडता आली नाही’ असा एरर दिसला की आधी हेच तपासायचं. शिवाय एक्स्टेन्शन प्रत्येक डेटाबेसमध्ये स्वतंत्रपणे बसवावं लागतं आणि त्यासाठी सहसा सुपरयुजर (सगळे हक्क असलेला युजर) लागतो. चाचण्यांचा डेटाबेस तर दर वेळी पाडून नव्याने बांधला जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी चाचणीच्या युजरलाच सुपरयुजर करून टाकतात. तुम्ही ते टाळलंत, हे फार चांगलं केलंत. सुपरयुजरने एकदाच टेम्प्लेट डेटाबेस (ज्याची प्रत काढून नवा डेटाबेस बनतो तो साचा) तयार करायचा, त्यात एक्स्टेन्शन बसवायचं, ‘इज टेम्प्लेट’ ही खूण ‘ट्रू’ करायची, आणि चाचणीच्या युजरला फक्त डेटाबेस तयार करण्याचा हक्क द्यायचा. ती खूण नसेल तर मालक किंवा सुपरयुजर सोडून कुणालाही त्याची प्रत काढता येत नाही. प्रत काढताना टेम्प्लेटला दुसरं कुणी जोडलेलं असेल, अगदी विसरून उघडी राहिलेली खिडकी का असेना, तरी काम अडतं. टेम्प्लेटवर नवी जोडणीच बंद करून ठेवण्याची तुमची सूचना त्यावर नेमकी लागू पडते.

सगळ्यात मोलाची टीप मात्र ‘स्पेशियल रेफ सिस’ या टेबलाबद्दलची. त्यात हजारो निर्देशांक-पद्धतींच्या (पृथ्वीवरची जागा आकड्यांत मांडण्याच्या पद्धतींच्या) व्याख्या असतात आणि ते आपल्या टेबलांच्याच रांगेत दिसतं. चाचणी संपली की सगळी टेबलं रिकामी करणारं साधन तेही पुसून टाकतं. मग एकटी चालवल्यावर पास होणारी चाचणी सगळ्यांबरोबर नापास होते आणि ‘एसआरआयडी ४३२६ सापडत नाही’ असा एरर येतो (एसआरआयडी म्हणजे अशा पद्धतीचा क्रमांक; ४३२६ हा नेहमीच्या अक्षांश-रेखांशांचा). ४३२६ मध्ये खोट काढत बसण्यात अर्थ नसतो, कारण टेबलच रिकामं झालेलं असतं. सफाईच्या यादीतून ते वगळायचं. शिवाय टेबलाची मालकी सुपरयुजरकडे राहिली, तर कुणी ते पुसायला गेल्यावर परवानगीचा एरर लगेच समोर येतो.

नमुन्याच्या बिंदूंबाबतही तुमची नजर बारीक. पोस्टजीआयएसमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असलेला बिंदू घेतला तर अदलाबदल झालेली कळतच नाही. रेखांश १४०, अक्षांश ३५ असा बिंदू घेतला की चूक उघडी पडते. तेही नुसता बिंदू साठवून नाही, तर परत आलेला आकडा तपासला तरच, कारण ‘जिऑग्राफी’ (गोल पृथ्वीवर मोजणाऱ्या) प्रकारात मर्यादेबाहेरचा, म्हणजे ९० अंशांहून मोठा, अक्षांश फक्त एक नोटीस देऊन परस्पर मर्यादेत बसवला जातो. अंतराचंही तसंच. ४३२६ च्या ‘जिऑमेट्री’ (सपाट पृष्ठावर मोजणाऱ्या) प्रकारावर ‘एसटी डिस्टन्स’ हे अंतर काढणारं फंक्शन अंश देतं, मीटर नव्हे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, तर ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा. म्हणून ‘५०० मीटरच्या आत’ अशी चाचणी ‘जिऑग्राफी’वर आणि ‘एसटी डीविदिन’ या ठरावीक अंतराच्या आत आहे का हे सांगणाऱ्या फंक्शननेच लिहायची.

रूपांतरित निर्देशांकांची तुलना बरोबरच्या चिन्हाने न करता ठरावीक फरक मान्य करून करायची, हेही पटलं. प्रोज किंवा जिऑस या पोस्टजीआयएस वापरत असलेल्या गणिती लायब्रऱ्यांची आवृत्ती बदलली की शेवटचे दशांश हलू शकतात. चाचण्या सुरू होताना या सगळ्या आवृत्त्या सांगणाऱ्या ‘पोस्टजीआयएस फुल व्हर्जन’चं उत्तर लॉगमध्ये छापायची ती एक ओळ आम्ही तशीच ठेवली आहे.

एक भर आमची. दहा-वीस ओळींच्या टेबलावर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) जिस्ट इंडेक्सकडे, म्हणजे जागा लवकर शोधून देणाऱ्या सूचीकडे, बघतही नाही. इंडेक्स वापरला जातो का हे पाहायचं असेल, तर तेवढ्या चाचणीपुरतं ‘इनेबल सीक्स्कॅन’ (सगळं टेबल ओळीने वाचण्याची मुभा देणारी सेटिंग) बंद करावं. तुमच्या टिपणात हे जोडायला हरकत नसेल, तर जोडतो.

मनःपूर्वक आभार.

आपले,
वेब ॲप्लिकेशन आणि चाचणी गट