सोळा बाइटची किल्ली

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, आणि आमच्या लॅबमध्ये नुसतं ‘काका’ म्हटलं तरी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळतं. लॅबचा सर्व्हर तुम्ही सांभाळता. तो बंद पडला की तुमचा फोन दिवसभर वाजत राहतो. चालू झाला की कोणीच फोन करत नाही. तो करायचा राहिलेला फोन म्हणजे हे पत्र, आणि ते चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

जुलैतला तो मंगळवार तुमच्या लक्षात असेलच. कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, मध्य रेल्वे दुपारपासून ठप्प, आणि मी परळच्या घरातच अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाइडना निकाल दाखवायचे होते. मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरत असताना समोरून भरती आली तर ते किती मागे तुंबतं, हा माझा विषय. त्यासाठी २६ जुलै २००५ चा दिवस घेतला आहे, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो. मॉडेल आठवडाभर सर्व्हरवर चालून संपलं होतं. निकालाची फाइल ४० जीबीची, घरच्या नेटवर उतरवून घेणं अशक्य. म्हणून एसएसएचने, म्हणजे लांबच्या मशिनशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या प्रोग्रॅमने, सर्व्हरवर शिरायचं, एनसीव्ह्यू हा निकालांचे नकाशे दाखवणारा प्रोग्रॅम तिथेच चालवायचा आणि त्याची खिडकी इथे लॅपटॉपवर बघायची, एवढंच करायचं होतं. पण कमांड दिली की बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक ओळ: ‘कान्ट ओपन डिस्प्ले’, म्हणजे पडदा उघडता येत नाही.

आई झोपली होती, म्हणून मी चाळीच्या गॅलरीत बसले होते. ग्रुपवर विचारलं तर तिघांनी तीन उपाय सांगितले. ‘एक्सहोस्ट प्लस’ मार, लगेच होईल, असं एकाने छातीठोक सांगितलं. मी मारलं. काही झालं नाही. पावणेअकराला तुम्हाला फोन लावला तेव्हा तुम्ही मुलुंडपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने कल्याणला नुकतेच पोचला होतात, जेवायचेही होतात. हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून कळलं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

तुमचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: “काय दिसत नाही ते नंतर सांग. काय दिसतंय ते आधी वाच.”

पुढचा तासभर मी वाचत गेले आणि तुम्ही ऐकत गेलात. स्क्रीन शेअर करायला नेट नव्हतं, त्यामुळे कॅपिटल कुठे, डॅश कुठे, जागा कुठे सोडायची, सगळं तोंडी. सगळ्यात आधी तुम्ही मला एक्सहोस्ट मायनस मारायला लावलंत. प्लसने आपल्या पडद्याचा पहारा उठतो, येईल त्याला आत घेतलं जातं, आणि दुखणं भलतीकडेच असल्यामुळे उपयोगही काही नाही, असं म्हणालात. मग विचारलंत, “यात सर्व्हर कुठला आणि क्लायंट कुठला?” मी अर्थातच लॅबच्या मशिनला सर्व्हर म्हटलं. “एसएसएचच्या बाबतीत बरोबर. एक्सच्या, म्हणजे लिनक्सवर खिडक्या काढणाऱ्या व्यवस्थेच्या, बाबतीत उलटं. खिडक्या काढून देणारा सर्व्हर तुझ्या मांडीवर आहे. एनसीव्ह्यू हा त्याच्याकडे जागा मागायला आलेला क्लायंट.” तीन वर्षं मी ही गोष्ट वापरत होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते एकदा कळल्यावर पुढचा प्रत्येक प्रश्न मला आपोआप सुचायला लागला: मागणी निघते कुठून, जाते कोणत्या वाटेने, अडते कुठे?

लॅपटॉपवर ‘इको डॉलर डिस्प्ले’ करून पडद्याचा पत्ता विचारला, उत्तर आलं कोलन शून्य. म्हणजे घरचा पडदा जागेवर होता. मग एसएसएचच्या कमांडला कॅपिटल वाय (खिडक्या इकडे आणायला) आणि स्मॉल व्ही (काय चाललंय ते सविस्तर दाखवायला) लावून पुन्हा लॉगिन करायला लावलंत, आणि धडाधडा आलेल्या ओळींमधून एक शोधायला सांगितलीत: ‘रिक्वेस्टिंग एक्स इलेव्हन फॉरवर्डिंग विथ ऑथेंटिकेशन स्पूफिंग’. ती होती. पाठोपाठ नकाराची ओळ नव्हती. म्हणजे मागणी गेली आणि सर्व्हरने ती मान्यही केली. आता तोच डिस्प्लेचा प्रश्न सर्व्हरवर विचारला. उत्तरात यायला हवं होतं ‘लोकलहोस्ट कोलन दहा पॉइंट शून्य’. आला माझ्या लॅपटॉपचा लॅबमधला जुना आयपी पत्ता.

तुम्ही हसला नाहीत की रागावलाही नाहीत. “बॅशआरसी कोणाकडून घेतलीस?” एवढंच विचारलंत. बॅशआरसी म्हणजे लॉगिन केलं की आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल. एका सीनियरची फाइल मी पहिल्या वर्षी जशीच्या तशी उचलली होती, आणि त्यात डिस्प्ले हाताने लिहिण्याची ओळ होती. ती ओळ जुन्या वळणाची, हे तुम्ही नीट समजावलंत. पूर्वी एक्स सर्व्हर नेटवर्कवर थेट ६००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसायचा, तेव्हा असा पत्ता लिहावा लागे. आजच्या बहुतेक लिनक्सवर तो दरवाजा मुळातच बंद असतो, आणि माझा लॅपटॉप तर परळला होता. एसएसएच लांबच्या मशिनवर स्वतःच एक खोटा पडदा उभा करतं, दहापासून पुढचा आकडा देतं, ६०१० वर आलेली मागणी बोगद्यातून घरी आणतं आणि पत्ताही स्वतःच लिहितं. “तो पत्ता आपण लिहायचा नसतो,” असं तुम्ही दोनदा म्हणालात.

ओळ काढली, पुन्हा लॉगिन केलं, पत्ता बरोबर आला. आणि तरी खिडकी उघडेना! माझा धीर सुटला होता, काका. बारा वाजायला आले होते, गॅलरीत पावसाचे सपकारे येत होते, आणि मी म्हणाले की राहू दे, मी सरांना उद्या खरं काय ते सांगते. तुम्ही म्हणालात, “लॉगिन झाल्या झाल्या पहिली ओळ कोणती येते? स्वागताचा मजकूर सोडून.” तिथे एक्सऑथची, म्हणजे पडद्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, एक ओळ होती, ऑथॉरिटी फाइल लिहिता येत नाही अशी. ती किती दिवस तिथे होती कोण जाणे. मी वाचलीच नव्हती.

सर्व्हरवरच्या माझ्या होम डिरेक्टरीचा, म्हणजे मला दिलेल्या जागेचा, कोटा भरला होता. मॉडेल मध्ये दोनदा कोसळलं तेव्हा पडलेल्या कोअर फायलींनी (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या प्रतींनी) सगळी जागा खाल्ली होती, आणि दर लॉगिनला जी किल्ली तिथे लिहिली जायला हवी तिला जागाच उरली नव्हती. ही किल्ली फक्त सोळा बाइटची! तिचं ‘मॅजिक कुकी’ हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आणि ते स्पूफिंग म्हणजे काय, हेही तुम्ही मी न विचारता सांगितलंत: एसएसएच सर्व्हरवर बनावट किल्ली ठेवतं, मागणी घरी पोचली की तीच काढून खरी लावतं, म्हणजे खरी किल्ली लॅपटॉपबाहेर जातच नाही. इतकी सुंदर व्यवस्था रोज आपल्या हाताखाली चालते आणि आपण ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच म्हणतो.

कोअर फायली उडवल्या. बाहेर पडले, आत शिरले. आधी एनसीव्ह्यूची ती छोटी बटणांची खिडकी आली, कडेकडेने भरत गेली. पाण्याच्या पातळीवर क्लिक केलं. आणि मग हळूहळू, वरून खाली, माहीमची खाडी निळी होत गेली. तुम्ही फोनवर विचारलंत, “आलं?” माझ्या तोंडून शब्द निघेना. तुम्ही थांबलात. मग म्हणालात, “नेट बारीक आहे, कॅपिटल सीही लाव, थोडं हलकं होईल. पण प्रत्येक क्लिकला फेरी पडणारच, घाई करू नकोस. आणि कॅपिटल वाय फक्त आपल्या सर्व्हरला. समोरच्या मशिनवर पूर्ण भरवसा असेल तरच, कारण त्याने तुझा अख्खा पडदा त्याच्या हाती जातो.”

फोन ठेवला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. घरून सर्व्हरवर शिरून ती ओळ तुम्ही स्वतः दोन मिनिटांत काढू शकला असतात, तो अधिकार तुमच्याकडे आहे. तुम्ही ती माझ्याच हाताने मला काढायला लावलीत. मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचे.

त्याचा उपयोग लगेच झाला. पुढच्याच आठवड्यात नव्या मशिनवर एका ज्युनियरला ‘एक्स इलेव्हन फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड’ येत होतं. मी त्याला ओळ मोठ्याने वाचायला लावली. ही मागणी नाकारल्याची ओळ, म्हणजे दोष त्या टोकाला, इतकं मला आता कळत होतं. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग चालू होतं, पण एक्सऑथ बसवलेलंच नव्हतं. तुम्हाला फोन न करता आम्ही तिथवर पोचलो, आणि मग फक्त ते बसवून द्या म्हणून तुम्हाला चिठ्ठी पाठवली. ती चिठ्ठी माझी होती.

गाइडनी दुसऱ्या दिवशी आकृत्या बघितल्या, दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, काम पुढे गेलं. सीनियरची ती ओळ आणखी चौघांच्या बॅशआरसीत होती. आम्ही सगळ्यांनी बसून काढली. आईने तुमच्यासाठी नारळाच्या वड्या केल्या आहेत. सोमवारी तुमच्या टेबलावर डबा ठेवते. काकूंनाही द्या, त्या रात्री त्यांचंही जेवण माझ्यामुळे थांबलं होतं.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधली, भरतीवाली